कार्ड आहे का कार्ड?

ब्रिटनमधल्या टेस्को या सुपरमार्केटात हल्ली बऱ्याच मालाखाली भावाचे दोन आकडे लावलेले असतात. पिवळ्या पट्टीवरचा, टपोऱ्या अक्षरातला आकडा दुकानाचं क्लबकार्ड असलेल्यांसाठी. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात, पण रकमेने जास्त असलेला आकडा बाकीच्या जनतेसाठी. वस्तू तीच, वजन तेच, फळीही तीच. दुकानाचं म्हणणं असं, की जास्तीचा आकडा हा भाव आणि कमी आकडा ही सवलत. गिऱ्हाईक नेमकं उलटं वाचतं. त्याच्या लेखी कमी आकडा हाच भाव, आणि जास्तीचा आकडा म्हणजे कार्ड घरी विसरल्याचा दंड.

एकदा दंड म्हटलं की रक्कम किती हा प्रश्न उरत नाही. टेस्कोचं 'मील डील' घ्या. एक सँडविच, एक चिप्सचं पाकीट किंवा तसलंच काहीतरी चघळायला, आणि एक पेय. दुपारी एकच्या सुमारास लंडनमधल्या कितीतरी कचेऱ्या या त्रिकोणी सँडविचवर तग धरून असतात. २०२२ च्या ऑक्टोबरात हे मील डील कार्डावर ३.४० पौंडांना आणि कार्डाविना ३.९० ला झालं. २०२४ च्या ऑगस्टात ते ३.६० आणि ४ पौंडांवर गेलं. म्हणजे फरक चाळीस पेन्सचा. फोनची बॅटरी संपली म्हणून ज्याला हे चाळीस पेन्स जादा मोजावे लागले, तो माणूस दुपारभर धुमसत राहतो. तोच संध्याकाळी पबमध्ये चार मित्रांना बिअर पाजतो आणि बिलाकडे बघतही नाही. बिअरचे पैसे त्याने खर्च केलेले असतात. सँडविचचे चाळीस पेन्स त्याच्याकडून काढून घेतलेले असतात.

गल्ल्यावर हे नाट्य रोज रंगतं. समजा, एक बाई सामान पट्ट्यावर मांडून उभी आहे. गल्ल्यावरची मुलगी विचारते, "क्लबकार्ड आहे?" बाई पर्स उघडते. वाचनालयाचं कार्ड निघतं, जिमचं निघतं, केव्हाच बंद पडलेल्या एका दुकानाचंही निघतं. मग ती फोन काढते. ॲप उघडायला नेट लागतं आणि दुकानाच्या आत नेट नसतं. ॲप पासवर्ड मागतं. तोवर मागची रांग बिस्किटांच्या फळीपर्यंत गेलेली असते. अशा वेळी मागचा गृहस्थ हळूच पुढे होतो आणि म्हणतो, "माझं चालेल का?" आगगाडीत तीन तास समोर बसून ज्याने तोंडातून शब्द काढला नसता, तो इंग्रज अनोळखी बाईला आपलं कार्ड देतो! बाईच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद असतो. तिचे साडेतीन पौंड वाचतात, आणि पॉइंट जमा होतात गृहस्थाच्या खात्यावर. परोपकार आणि स्वार्थ इतके गळ्यात गळा घालून दुसरीकडे क्वचितच भेटतात.

आता पॉइंटांचा हिशेबही पाहून घ्यावा. टेस्कोत एका पौंडाच्या खरेदीला एक पॉइंट, आणि दुकानात एका पॉइंटाची किंमत एक पेनी. म्हणजे शंभर पौंडांच्या किराण्यावर एक पौंड. सेन्सबरीज या दुसऱ्या दुकानाच्या नेक्टर कार्डावरही पौंडाला एकच पॉइंट मिळतो, पण पाचशे पॉइंट जमले की अडीच पौंड, म्हणजे तिथे पॉइंट अर्ध्या पेनीचा. एवढ्यासाठी इतकी लगबग कशाला, असं एखाद्या तिऱ्हाइताला वाटेल. पण हा छंद ब्रिटनला आजचा नाही.

१८४४ साली रॉचडेल या गिरणगावातल्या विणकरांनी आणि कारागिरांनी आपलं सहकारी दुकान काढलं आणि नफ्याचा वाटा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत द्यायला सुरुवात केली. हा वाटा पुढे 'डिव्ही' या लाडक्या नावाने देशभर पसरला. प्रत्येक सभासदाला एक नंबर असे. पोराला को-ऑपमध्ये, म्हणजे या सहकारी दुकानात, पाठवलं, की सामानाच्या यादीबरोबर तो नंबरही पाठ करून जावं लागे. आज ऐंशीच्या घरात असलेली कितीतरी म्हातारी माणसं चष्मा कुठे ठेवला ते विसरतात, पण आईचा डिव्ही नंबर धडाधड सांगतात.

त्यानंतर आले ग्रीन शील्ड स्टॅम्प. रिचर्ड टॉम्पकिन्स नावाच्या उद्योजकाने १९५८ मध्ये ही योजना काढली. सहा पेन्सच्या खरेदीवर एक तिकीट. ते जिभेने ओलं करून वहीत चिकटवायचं आणि वह्या भरल्या की त्यांच्या बदल्यात किटली, इस्त्री, घड्याळ असं काहीबाही आणायचं. टेस्कोने १९६३ मध्ये ही तिकिटं द्यायला घेतली आणि १९७७ मध्ये एका फटक्यात बंद करून त्याऐवजी मालाचे भावच उतरवले. तिकिटं नकोत, स्वस्त माल हवा, असं तेव्हा गिऱ्हाइकांनी दाखवून दिलं. दुकान भरून वाहू लागलं. यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण १९८९ मध्ये एडविना डन आणि क्लाइव्ह हम्बी या नवरा-बायकोने एक कंपनी काढली. लोक काय विकत घेतात याचे आकडे चाळून त्यावरून माणसं ओळखायची, हा तिचा धंदा. टेस्कोने काही दुकानांत कार्डाचा प्रयोग करून पाहिला होता. त्याचे आकडे या दोघांनी संचालक मंडळापुढे मांडले, तेव्हा अध्यक्ष इयन मॅक्लॉरिन यांनी चिंता बोलून दाखवली, की माझ्या गिऱ्हाइकांबद्दल मला तीस वर्षांत जे कळलं नाही ते तुम्हाला तीन महिन्यांत कळलंय. फेब्रुवारी १९९५ मध्ये क्लबकार्ड देशभर सुरू झालं. सेन्सबरीजचे तेव्हाचे प्रमुख डेव्हिड सेन्सबरी यांनी 'ही तर विजेवर चालणारी ग्रीन शील्ड तिकिटं' अशी त्याची टर उडवली. वर्षभराने त्यांच्याही दुकानात कार्ड आलं.

पुढचा योगायोग एखाद्या नाटककाराने लिहिला असता तर ओढूनताणून आणलाय म्हणून समीक्षकांनी झोडपलं असतं. ग्रीन शील्ड तिकिटांच्या बदल्यात वस्तू देणाऱ्या दुकानांतूनच टॉम्पकिन्सने १९७३ मध्ये 'आर्गोस' उभं केलं. २०१६ मध्ये ते आर्गोस विकत घेतलं सेन्सबरीजने. आता नेक्टरचे पॉइंट आर्गोसमध्ये देऊन किटली आणता येते. पन्नास वर्षांत बदल काय झाला, तर तिकीट चाटावं लागत नाही.

या सगळ्या काळात कार्डावर कोणी फारसं रागावलं नाही, कारण कार्ड जे द्यायचं ते नंतर, मागाहून द्यायचं. तीन महिन्यांनी घरी पाकीट यायचं, त्यात चार-सहा पौंडांची व्हाउचर असायची, आणि ती लोक काचेच्या बरणीखाली जपून ठेवायचे. व्हाउचरला दोन वर्षांची मुदत. बरेच जण ती मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी बरणी उचलायचे. ज्याच्याकडे कार्ड नव्हतं त्याला आपलं काय गेलं हे दिसतच नव्हतं, आणि न दिसलेल्या नुकसानीवर कोणाचा जीव जळत नाही.

२०१९ पासून टेस्कोने 'क्लबकार्ड प्राइसेस' आणल्या आणि पुढच्या वर्षी त्या दुकानभर पसरवल्या. बक्षीस मागाहून द्यायचं सोडून तिथल्या तिथे, फळीवरच, छापील आकड्यांत दाखवायला सुरुवात झाली. एप्रिल २०२३ मध्ये सेन्सबरीजने 'नेक्टर प्राइसेस' काढल्या. को-ऑपही त्याच वाटेने गेलं. बिनकार्डवाल्याला आता आपण नक्की किती गमावतोय ते प्रत्येक वस्तूपाशी दिसू लागलं. बटरपाशी पन्नास पेन्स, कॉफीपाशी दोन पौंड, साबणापाशी दीड. पावती तर आणखी चोंबडी. कार्डवाल्याला ती 'आज तुमचे एवढे वाचले' असं सांगते, आणि घरात ही रक्कम कमाईसारखी सांगितली जाते. साठ पौंड खर्चून आलेला नवरा दारातूनच ओरडतो, "अकरा पौंड वाचवले!" साठ गेले याची वाच्यता कोणीच करत नाही.

संशय यायला मग वेळ लागला नाही. दिवाळीच्या सेलआधी भाव चढवून मग फुलीवर फुली मारून उतरवलेले ज्यांनी पाहिलेत, त्या मराठी वाचकाला हा संशय समजावून सांगायला नको. ग्राहकांच्या बाजूने लढणाऱ्या 'विच?' या संस्थेने २०२३ मध्ये भावांचा मागोवा घेतला. त्यात नेसकॅफे गोल्ड ब्लेंडची दोनशे ग्रॅमची बाटली सापडली. सेन्सबरीजमध्ये नेक्टरवर ती सहा पौंडांना होती, 'नेहमीचा भाव' ८.१० पौंड, म्हणजे २.१० ची बचत. पण हा नेहमीचा भावच मुळात सहा पौंड होता आणि तिच्यावर नेक्टरची सवलत लागायच्या दोनच दिवस आधी तो ८.१० झाला होता, असं संस्थेने दाखवून दिलं. ज्या भावाला 'नेहमीचा' म्हणायचं तो दोन दिवसांचा, हे वाचून लोकांनी कॉफी प्यायची सोडली नाही, पण प्रत्येक पिवळ्या पट्टीकडे ते सासऱ्याच्या नजरेने बघू लागले.

अखेर सरकारी स्पर्धा नियामकाने, म्हणजे कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीने, जानेवारी २०२४ मध्ये प्रकरण हातात घेतलं. टेस्को, सेन्सबरीज, वेटरोज, को-ऑप आणि मॉरिसन्स या पाच ठिकाणच्या सुमारे पन्नास हजार वस्तूंचे कार्डभाव तपासले गेले. नोव्हेंबरात निकाल आला : ९२ टक्के सवलती खऱ्या, आणि नेहमीच्या भावापेक्षा सरासरी १७ ते २५ टक्के बचत. दुकानांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्याच पाहणीत लोकांनाही विचारलं होतं. ५५ टक्के लोकांना वाटत होतं की कार्डाची सवलत मोठी दिसावी म्हणून नेहमीचा भाव फुगवतात. कार्डवाल्यांना एक भाव आणि इतरांना दुसरा, हे ४३ टक्क्यांना अन्यायाचं वाटत होतं. पन्नास हजार वस्तूंचा दाखला एका पारड्यात आणि एक कॉफीची बाटली दुसऱ्या पारड्यात, आणि तरी जड कुठलं पारडं? बाटलीचं.

यात लोक मूर्ख आहेत असं समजायचं कारण नाही. नियामकाने एवढंच सांगितलं, की त्या दुकानाच्या स्वतःच्या भावाच्या तुलनेत सवलत खरी आहे. कार्डावरचा भाव गावातला सगळ्यात स्वस्त असेल असं नाही, दुसऱ्या दुकानातही डोकावत जा, हेही त्यानेच सांगितलं. शिवाय सवलत खरी असली तरी ती मिळवायला दर वेळी कोणीतरी 'कार्ड आहे का?' विचारणार, हा प्रश्न उरतोच. स्मार्टफोन नसलेल्या म्हाताऱ्यांचं काय, हा मुद्दाही त्या अहवालात होता. आणि अठराच्या आतल्यांचं काय, हाही. शाळा सुटल्यावर सगळ्यात जास्त भूक ज्याला लागते त्याच माणसाला तेव्हा बहुतेक दुकानांत कार्ड काढता येत नव्हतं, म्हणून तो आईचं कार्ड वापरायचा.

मराठी घरांत या आईच्या कार्डाने एक वेगळीच भानगड झाली आहे. मुलगा मँचेस्टरला शिकायला जातो. क्लबकार्डाचा फोटो आईने रेडिंगहून त्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो. तो तिकडे खातो, पॉइंट इकडे जमतात. छान चाललेलं असतं. मग एक दिवस आईला कळतं की ॲपमध्ये खरेदीच्या पावत्याही दिसतात. त्या रात्री फोन जातो, "भाजी कुठेय तुझ्या बिलात? तीन आठवडे झाले, एक टोमॅटो नाही. आणि हे रात्री पावणेबाराला चार कॅन कसले?" गिऱ्हाइकांच्या सवयी तीन महिन्यांत ओळखणाऱ्या त्या नवरा-बायकोची सगळी विद्या या एका फोनपुढे फिकी पडते.

माहितीच्या बाबतीत हा सौदा आवळा देऊन कोहळा काढण्याचा आहे, हे बहुतेकांना पुरतं ठाऊक असतं. कोण कधी काय घेतं याचं ज्ञान दुकानाला बिस्किटवाल्यांपासून शाम्पूवाल्यांपर्यंत सगळ्यांना विकता येतं. हम्बी यांनीच २००६ मध्ये 'डेटा म्हणजे नवं तेल' असं म्हटलं होतं, आणि टेस्कोने त्यांची कंपनीच टप्प्याटप्प्याने विकत घेऊन टाकली. लोकांची तक्रार मात्र हेरगिरीची कमी आणि ढिसाळ हेरगिरीची जास्त. शेजारी सुट्टीवर गेले म्हणून एकदा त्यांच्या मांजरासाठी डबा आणला, तर पुढे कित्येक दिवस मांजराच्या खाण्याची कूपनं येत राहतात. पाळत ठेवायचीच तर नीट ठेवा, एवढंच म्हणणं.

भारतातून चार-सहा महिन्यांसाठी मुलीकडे आलेल्या बाबांना यातलं काहीच पटत नाही. ते पाकीट उलटंसुलटं करून एमआरपी शोधतात. ब्रिटनमध्ये पाकिटावर कमाल किंमत छापायचा कायदा नाही, हे ऐकून त्यांचा या देशावरचा विश्वासच डळमळतो. "म्हणजे हा मनाला येईल तो भाव लावणार?" हो बाबा. "आणि कार्ड दाखवलं की कमी करणार?" हो. "मग कार्ड न दाखवताच कमी का नाही करत? आमचा डीमार्ट करतो की. ना कार्ड, ना पॉइंट, सरसकट सगळ्यांना एमआरपीपेक्षा कमी." मुलगी गप्प होते. आईचा प्रश्न त्याहून अवघड असतो. तिला 'किलोला काय पडलं?' एवढंच हवं असतं. गंमत म्हणजे 'विच?'ची तक्रारही अगदी हीच होती. क्लबकार्डाच्या पट्टीवर वजनामागे भाव लिहिलेला नसायचा, त्यामुळे मोठी बाटली स्वस्त की छोटी हे कळायला मार्ग नव्हता. टेस्कोने पुढे तो लिहायचं कबूल केलं. बाबांचं पौंडाचं रुपयांत रूपांतर मात्र कुठल्याच पट्टीवर येत नसल्याने ते त्यांना स्वतःच, मोठ्याने, रांगेत उभं राहून करावं लागतं.

क्लबकार्ड भावाच्या पिवळ्या खुणेवरून टेस्कोला कोर्टाची पायरीही चढावी लागली. निळ्यावर पिवळं वर्तुळ ही लिडल या स्पर्धक दुकानाची ओळख. तेच टेस्कोने क्लबकार्ड प्राइसेससाठी वापरलं, त्यामुळे हा भाव लिडलशी जुळवलेला आहे असा लोकांचा समज होतो, अशी लिडलची तक्रार होती. एप्रिल २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने आणि मार्च २०२४ मध्ये अपील न्यायालयाने व्यापारचिन्हाच्या मुद्द्यावर लिडलच्या बाजूने कौल दिला आणि टेस्कोला ती खूण बदलावी लागली. दोन बलाढ्य दुकानं न्यायमूर्तींसमोर एका पिवळ्या गोलावरून भांडत होती, तेव्हा बाहेर लोक बटरच्या दोन भावांवरून भांडत होते.

मनापासून संतापले ते मात्र जुने, मुरलेले पॉइंटवाले. क्लबकार्डाची व्हाउचर पिझ्झा एक्स्प्रेससारख्या ठिकाणी दिली की त्यांची किंमत तिप्पट धरली जायची. जून २०२३ पासून ती दुप्पट झाली. दहा पौंडांच्या व्हाउचरवर तीस पौंडांचं जेवण मिळायचं ते वीसवर आलं. ज्यांनी वर्षभर पॉइंट साठवून बायकोच्या वाढदिवसाचा बेत आखला होता, त्यांची प्रतिक्रिया पेन्शन कापली गेल्यासारखी होती. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचं दरपत्रक बदललं की माणसाला जेवढा राग येतो, तेवढा विकतच्या गोष्टीचा भाव वाढल्यावर येत नाही.

एवढी चिडचिड आहे, तर लोक दुकान बदलत असतील असं वाटेल. नियामकाच्या पाहणीत ७६ टक्के लोकांनी सांगितलं, की या कार्डभावांमुळे आमचं दुकान काही बदललेलं नाही. ते जवळचं आहे, गाडी लावायला जागा आहे, आणि पाव कुठल्या फळीवर असतो ते माहीत आहे. फोनमध्ये टेस्को, सेन्सबरीज, को-ऑप, मॉरिसन्स आणि बूट्स अशी पाच कार्डं नांदतात, आणि एकाही दुकानाला दुसऱ्याबद्दल मत्सर वाटत नाही.

काही थोडे मात्र तत्त्वाचे पक्के असतात. एके शनिवारी ते जाहीर करतात, की यापुढे कार्ड नाही, ॲप नाही, आपला डेटा नाही, सरळ आल्डी. आल्डीत कार्डच नाही. एक वस्तू, एक भाव, सगळ्यांना सारखा. तत्त्ववादी गृहस्थ ताठ मानेने आत शिरतात, दूध उचलतात, अंडी उचलतात, आणि मग दुकानाच्या मधल्या, साऱ्या ब्रिटनमध्ये प्रसिद्ध असलेल्या त्या रांगेपाशी येतात, जिथे आठवड्याला नवा, काहीही असू शकेल असा माल लावलेला असतो. तासाभराने ते घरी येतात. दूध आणलेलं असतं, आणि त्याबरोबर एक वेल्डिंगचं यंत्र आणि दोघांना बसता येईल अशी फुगवायची होडीही. बायको विचारते, समुद्र कुठेय आपल्याकडे? ते म्हणतात, पण काय स्वस्त होती बघ, आणि कार्डसुद्धा विचारलं नाही कोणी.